तिन्ही निगेटिव्ह

कोरोना गेला, पण जाता जाता पुण्याजवळच्या मांजरी गावाला एक शब्द देऊन गेला : निगेटिव्ह. बाकी जे जे मिळणार म्हणून जाहीर झालं होतं ते वाटेतच राहिलं; हा शब्द तेवढा घरोघर पोचला. निगेटिव्ह म्हणजे सुटला, पॉझिटिव्ह म्हणजे अडकला, एवढं व्याकरण गावाने पक्कं केलं. साथ ओसरली तरी शब्द कामावरून कमी झाला नाही. तलाठ्याकडचं काम झालं की लोक "निगेटिव्ह झालं" म्हणायचे. सोनबाच्या पोराची सोयरीक मोडली, तेव्हा "पॉझिटिव्ह निघाली" एवढ्यावर सगळ्यांना कळलं. आणि भांडणात कुणी कुणाला "पॉझिटिव्ह" म्हणालाच, तर समोरच्याचा हात चपलेला जायचा.

गेनबाचं घर कालव्याच्या अंगाला. भावांनी आपापले वाटे विकले, त्यांच्यावर उंच इमारती उभ्या राहिल्या. गेनबाचा तुकडा तेवढा रस्त्याच्या आखणीत होता. रस्ता येणार म्हणून बिल्डर जमीन घेत नव्हता, आणि रस्ता येत नव्हता म्हणून तिच्यात मेथी येत होती. इमारतीची भिंत आणि मेथीचा बांध एकच. भिंतीचा एक कोपरा पडलेला होता. सोसायटीच्या दर मीटिंगमध्ये तो बुजवायचा ठराव व्हायचा, त्यामुळे तो शाबूत होता. त्यातून गेनबाची सून मैना तिकडे स्वयंपाकाला जायची आणि तिकडच्या बायका इकडे भाजीला यायच्या. मैनेचा नवरा मच्छिंद्र टेम्पोत भाजी भरून पहाटे मार्केट यार्डात दिगंबरशेठ अडत्याच्या गाळ्यावर टाकून यायचा.

घरातलं खरं कसब मात्र मुक्ताबाईच्या, म्हणजे गेनबाच्या बायकोच्या हातात. तिची जुडी यार्डात लांबून ओळखू यायची. मेथी उपटायची, माती झटकायची, मुळं मांडीवर ठोकून सारखी करायची, मग जुडी डाव्या छातीशी आवळून धरायची आणि केळीच्या सोपटाची ओली पट्टी फिरवून गाठ मारायची. एक हात धरायला, एक बांधायला, आणि छाती टेकू द्यायला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती अशीच बांधत होती.

त्या हिवाळ्यात जुडी बसेना. आवळायला गेलं की मधे काहीतरी यायचं आणि जुडी एका अंगाला कलायची. मुक्ताबाईने आधी मेथीला दोष दिला, मग सोपटाला. एके दिवशी सोपट दातात धरून तिने पोलक्यावरून हात फिरवला, तेव्हा दोष सापडला. लिंबाएवढा होता.

तिने दाबून पाहिलं. दुखलं नाही. मग तिने पुढची जुडी घेतली.

न दुखणारी गोष्ट आजारात धरायची नाही, असा त्या घराचा कायदा होता. शरीर म्हणजे रोजाने लावलेला गडी. ओरडेल तेव्हा बघू. शिवाय सांगायचं तर सांगायचं कसं? म्हशीच्या कासेला गाठ आली असती, तर मुक्ताबाईने त्याच सकाळी बांधावरून हाळी दिली असती, गेनबा पळत आला असता, जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवर आला असता, आणि शेजारच्या चार बायांनी कास चाचपून आपापलं मत दिलं असतं. म्हशीला कास होती. मुक्ताबाईच्या जागी ज्याला बोट लावायचं, त्याला घरातल्या पुरुषांसमोर उच्चारता येईल असा शब्दच नव्हता.

शिमग्याच्या सुमाराला तिने त्यातल्या त्यात जवळचा शब्द वापरला.

"अवं, छातीत कायतरी हाय."

गेनबा ताडकन उठला. त्याचा थोरला भाऊ छातीतच काहीतरी होऊन ताटावर गेला होता. "मच्छिंदर! गाडी काढ! तुझ्या आईच्या छातीत आलंय!"

"अवं आत न्हाय, वरनं..."

"बोलू नगं. बोललं की जोर पडतो काळजावर."

मच्छिंद्राने आईला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरणा होता. मच्छिंद्र पायाशी उभा. मनगटांना चिमटे लावले, पदराआडून चकत्या चिकटवल्या, आणि कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टर पट्टीकडे बघत होता, मच्छिंद्र डॉक्टरकडे बघत होता, मुक्ताबाई छताकडे बघत होती. गाठीकडे कुणीच बघत नव्हतं.

"हार्ट उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला. "मीठ कमी करा."

दोघं घरी आल्यावर गेनबाने गावभर सांगितलं, "काळीज सोळा वर्साच्या पोरीवानी हाय म्हनला." मुक्ताबाईने मीठ कमी केलं. चैत्र गेला, वैशाख गेला. गाठ अळणीच वाढली.

आषाढात हात वर होईना. भरलेली पाटी डोक्यावर घ्यायला मैनेला हाक मारावी लागली. एका सकाळी न्हाणीत पोलक्यातून हात निघेना म्हणून तिने सुनेला आत घेतलं, आणि मैनेच्या हातातला तांब्या खाली पडला. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि एका जागी आत ओढली गेली होती.

"आत्या! कवापासनं हाय हे?"

"दुखत न्हाय गं."

"दुखत न्हाय काय! सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं की. काळीज चांगलं हाय म्हनले."

मैना ओल्या हाताने तशीच भिंतीपलीकडे गेली. ती ज्यांच्याकडे पोळ्या करायची त्या हेमाताईंना यातलं कळत होतं. हेमाताई कॉम्प्युटरच्या कंपनीत होत्या. दोन वर्षांमागे त्यांचे केस गेले होते आणि आता दहावीच्या पोराएवढे परत आले होते. कंपनी दरसाल सगळ्यांना तपासून घ्यायची, काही झालेलं नसताना. मैनेला हे टेम्पोच्या सर्व्हिसिंगसारखं वाटायचं. त्या तपासणीत यंत्राला हेमाताईंच्या अंगात मसुरीएवढं काहीतरी दिसलं होतं. हाताला लागायच्या आधीच ते निघालं.

हेमाताईंनी फोन फिरवले. एका मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागला. तिथे डॉक्टर बाई होती; मुक्ताबाईने पहिल्यांदा पदर बाजूला केला. डॉक्टरबाईंनी काखेपर्यंत बोटं फिरवली, सुई घालून तुकडा काढला.

"गाठ चांगली वाटत नाही," त्या मैनेला म्हणाल्या. "तुकडा तपासायला जाईल. त्यावरच आणखी तीन तपासण्या होतील. त्यावरून औषध ठरेल."

मैनेने बाहेर थांबलेल्या नवऱ्याला हे सांगितलं. सांगता सांगता तिला रडू आलं, त्यामुळे त्याच्यापर्यंत दोनच गोष्टी पोचल्या : डॉक्टरबाईला संशय आहे, आणि तीन तपासण्या आहेत.

श्रावणात यार्डातून येताना मच्छिंद्र हॉस्पिटलच्या खिडकीवर गेला. आतल्या सिस्टरने कागद काढला, इंग्रजी अक्षरांची तीन नावं घेतली आणि म्हणाली, "तिन्ही निगेटिव्ह. सोमवारी डॉक्टरांना भेटा. टाळू नका."

मच्छिंद्राने खिडकीचा गज धरला. "तिन्ही?"

"तिन्ही."

"नक्की ना सिस्टर?"

"इथे मशीन आहे, ज्योतिषी नाही."

मच्छिंद्र तिथेच रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, टेम्पोचा मालक, खिडकीच्या कट्ट्यावर डोकं टेकून हमसाहमशी. खिडकीवर रडणारी माणसं सिस्टरला रोजची होती. कशाने रडतात, हे विचारायचा तिथे रिवाज नव्हता. "पुढचे," ती म्हणाली.

त्याने येताना जिलबी आणली. गेनबाने कालव्यापासून वेशीपर्यंत वाटली. "एक न्हाय, दोन न्हाय, तीन निगेटिव्ह!" यार्डात दिगंबरशेठनेही जिलबी तोंडात टाकली. "आमच्या व्याह्यांना एकच निगेटिव्ह आलं होतं, तर त्यांनी गावजेवण घातलं," तो म्हणाला. "तुमचं म्हणजे काहीच्या बाहीच झालं." मैनेने हेमाताईंना सांगितलं, "रिपोर्ट चांगला आला, ताई." हेमाताईंनी तिला मिठी मारली आणि कॉल चालू होता म्हणून परत आत गेल्या.

मुक्ताबाईने जिलबी खाल्ली. मीठही पुन्हा सुरू केलं.

सोमवारी भेटायचं राहिलं. पावसाने खालच्या रानांतली मेथी सडली होती. गेनबाचा तुकडा उताराचा, पाणी ठरत नव्हतं. यार्डात मेथीला तेजी आली. पाऊस उघडेल त्या घटकेला रानात उतरायचं, चिखलातून उपटायचं, कालव्यावर मुळं धुवायची आणि अंधार पडेस्तोवर बांधायचं.

"डाक्टरला भेटायचं हुतं," मैना एकदा म्हणाली.

"निगेटिव्ह आल्यावर डाक्टर काय आरती करनारे का?" गेनबा म्हणाला. "तेजी उतरली की जाऊ सावकाश. पाया पडून येऊ."

आणि मग दुखायला लागलं. इतके महिने मुक्ताबाई ज्याची वाट बघत होती ते आलं, पण फार उशिरा आलं. आता दुखायची परवानगी राहिली नव्हती. कण्हली तर गेनबा म्हणायचा, "तीन निगेटिव्हवाली तू, तुला काय धाड भरलीय?" तो चेष्टेने म्हणायचा. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई." कुणाशी बोलायला जावं तर तो जिलबीचा विषय काढायचा. माणसांनी भरलेल्या घरात ती आपल्या गाठीला घेऊन एकटी फिरायला लागली, जशी एखादी बाई रडकं पोर घेऊन दुसऱ्याच्या लग्नात फिरते.

छातीचा टेकू गेला होता. ती जुडी गुडघ्यात धरायला लागली, उजव्या हाताने सोपट फिरवायचं आणि दुसरं टोक दातांनी ओढायचं. दातांच्या गाठी यार्डापर्यंत टिकेनात. मच्छिंद्र एका दुपारी ताट पुढे ओढत म्हणाला, "आये, दिगंबरशेठ बोलला आज चार मानसांत. जुड्या गाळ्यावरच सुटाय लागल्यात. 'मुक्ताबाई वारली काय रे?' म्हनाला."

"मग तू काय म्हनलास?"

"हसलो. काय म्हननार."

"बरं केलंस," मुक्ताबाई म्हणाली आणि त्याला भाकरी वाढली, उजव्या हाताने.

गौरी बसायच्या दिवशी हेमाताई भिंतीच्या पडक्या कोपऱ्यातून शेपूला आल्या. मैना घरात सारवत होती. मुक्ताबाई एकटीच बांधावर गोणपाट पांघरून जुड्या करत होती.

"मावशी, दोन जुड्या शेपू द्या. नैवेद्याला. तब्येत कशी आहे?"

"झ्याक. तिन्ही निगेटिव्ह आलं न्हाय का!"

हेमाताईंचा हात पिशवीतच राहिला. "काय आलं?"

"निगेटिव्ह. तीनच्या तीन. मच्छिंदर रडला बघा खिडकीवर. तुमचं काय आलं हुतं त्या टायमाला?"

"माझं... माझं पॉझिटिव्ह होतं, मावशी."

मुक्ताबाईने हातातली जुडी खाली ठेवली. इतकी शिकलेली, इतक्या उंचावर राहणारी बाई, आणि तिच्या वाट्याला असं यावं. "आरारा," ती म्हणाली. "पोरी, कुनाला बोलली न्हाईस. देव हाय. हुईल समदं बरं." आणि तिने आपल्या चिखलाच्या हाताने हेमाताईंच्या पाठीवरून हात फिरवला.

हेमाताई बांधावर बसल्या. चांगल्या साडीनिशी बसल्या. बराच वेळ त्या शेपूची पानं सरळ करत राहिल्या.

"मावशी, डॉक्टरांनी काय औषध दिलं?"

"निगेटिव्हला औषध कसलं?"

"सोमवारी बोलावलं असेल ना?"

"तेजी हुती."

"मावशी," हेमाताई म्हणाल्या, "हे कोरोनाचं निगेटिव्ह नव्हे."

मग त्यांनी सांगितलं. आजार आहे की नाही हे त्या तीन तपासण्या सांगत नव्हत्या, आजार होताच. कुठलं औषध त्याला लागू पडेल, ते तपासत होते. हेमाताईंचं पॉझिटिव्ह आलं, म्हणून त्यांना रोज एक गोळी चालते आणि त्या गोळीवर त्या कंपनीत जातात, गौरी बसवतात. मुक्ताबाईच्या आजाराला ती गोळी लागू नाही. दुसरंही एक औषध असतं, तेही नाही. राहिलं ते सलाईनमधलं जहाल औषध, आणि ते लवकर घ्यायचं असतं.

मुक्ताबाईने ऐकून घेतलं. पावसाचा एक सडाका येऊन गेला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"म्हंजी तुमचं पॉझिटिव्ह बी चांगलं," मुक्ताबाई म्हणाली, "आनि आमचं निगेटिव्ह बी वाईट."

हेमाताईंनी भिंतीकडे बघितलं.

"भिंत बरी बांधलीय," मुक्ताबाई म्हणाली. तिने शेपूच्या दोन जुड्या निवडून दिल्या. त्यातल्या त्यात घट्ट गाठीच्या.

"मी मच्छिंद्रला सांगते. आजच सांगते."

"नगं. पोरगं आनंदानं रडलंय वो एकदा. परत दुसऱ्यांदा त्याच गोष्टीवर कसं रडवू? माझी मी जाऊन येते. बस ठावकी हाय मला."

गौरी गेल्यावर "बिबवेवाडीला आनंदीकडं जाते" असं सांगून मुक्ताबाई निघाली. आनंदी तिची बहीण. बिबवेवाडीला खरोखरच बस जात होती. मुक्ताबाई वाटेत उतरली.

हॉस्पिटलच्या बाकावर तिच्या शेजारी एक बाई होती, बायडाबाई नावाची, लांब भूम तालुक्याकडची. गोधडी, स्टोव्ह, पिठाचा डबा, सगळा संसार बाकाखाली. नवरा कुठे तरी रांगेत होता.

"तुमी कुठल्या?"

"मांजरीची. हितलीच."

"मंजी पुन्याच्या!" बायडाबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नशीब बया तुमचं. बस धरली की आलाव. आमच्याकडं गाठ फुटली, तवा कुठं डाक्टर म्हनला पुन्याला न्या. आल्यापसनं जिन्याखाली निजतोय."

मुक्ताबाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी पुण्याची म्हटलं होतं. मांजरी महापालिकेत गेली तेव्हासुद्धा तसं वाटलं नव्हतं. तिने पदराखालून डबा काढला आणि शेपूची भाजी बायडाबाईच्या भाकरीवर वाढली. दोघी जेवल्या. इथे कुणी तिला जिलबीचं विचारलं नाही.

आत डॉक्टरबाईंनी तपासलं. काखेत आली तशी त्यांची बोटं थांबली.

"एवढे दिवस का आला नाहीत?"

"निगेटिव्ह हुते मी."

डॉक्टरबाईंनी कागद उचलला. त्या बाहेर गेल्या. खिडकीवर त्यांचा आवाज चढला, मग सिस्टरचा चढला, मग दोन्ही उतरले. परत येऊन त्या खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"मावशी, आधी औषध, मग ऑपरेशन. येत्या सोमवारी पहिलं सलाईन. केस जातील. उलट्या होतील. बरोबर घरचं माणूस लागेल, एकट्याने चालायचं नाही. तुमच्याबरोबर कोण आहे?"

"बाहेर हाय एक बाई भूमची."

"घरचं, मावशी."

"बरी हुईन का?"

"आता सुरुवात करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. प्रश्न त्यांनी ऐकला होता. मुक्ताबाईलाही ते कळलं.

संध्याकाळी सगळे पडवीत जुड्या बांधत बसले होते. गेनबा मुळं ठोकत होता, मैना बांधत होती, मच्छिंद्र पाट्या रचत होता.

"काय म्हनती आनंदी?" गेनबाने विचारलं.

"आनंदीकडं न्हवते गेले. दवाखान्यात गेल्ते."

"कशापायी? निगेटिव्ह असताना?"

येताना बसमध्ये तिने सगळं जुळवलं होतं : ते औषध कसं ठरवतात, गोळी कुणाला लागू पडते, कुणाला नाही. हेमाताईंनी तिला समजावलं होतं तसं ती समजावणार होती. पण समोर तिघांची तोंडं बघितल्यावर तिला कळलं की हे सांगून होईस्तोवर मेथी वाळेल, आणि शेवटी गेनबा एवढंच विचारेल : पण निगेटिव्ह ना? खरं सांगायचं तर खरे शब्द उपयोगाचे नव्हते. तिने त्यांच्या व्याकरणातला शब्द घेतला.

"पॉझिटिव्ह आलंय," ती म्हणाली.

मैनेचा पदर तोंडावर गेला. मच्छिंद्र पाटी सोडून अंगणात उतरला. गेनबा बसल्या जागेवरून मागे सरकला, पाठ भिंतीला लागेपर्यंत. कुणी ठरवून केलं नाही. दोन वर्षं घोटून घेतलेलं अंगात होतं, ते आपलं आपण झालं. पडवीच्या मधोमध मेथीचा ढीग आणि त्याच्याजवळ मुक्ताबाई, एवढंच राहिलं.

तिने जुडी गुडघ्यात धरली, सोपट फिरवलं आणि टोक दातात धरून ओढलं.

मैना आधी आली. तोंडावरचा पदर तिने डोळे पुसायलाच घेतला होता असं दाखवत डोळ्यांना लावला, आणि सासूच्या हातातली जुडी घेतली. हेमाताईंनी समजावलेलं सगळं तिने बांधता बांधता सासूकडून काढून घेतलं आणि अंगणात जाऊन नवऱ्याला सांगितलं. ह्या वेळेला मच्छिंद्र रडला नाही. टेम्पोच्या चाकाला लाथ घातली, मग पाय धरून बसला.

गेनबा मात्र भिंतीला टेकून होता. त्याला कुणी वेगळं सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर त्याने ऐकलं नाही.

"सोमवारी घरचं मानूस लागनार हाय," मुक्ताबाई ढिगाकडे बघत म्हणाली. "मच्छिंदरला यार्ड हाय. मैनेला पोळ्या हायेत."



सोमवारी पहाटे मच्छिंद्राने टेम्पो काढला, तेव्हा गेनबा आधीच मागे, मेथीच्या पाट्यांवर बसलेला होता. धोतर धुतलेलं. तोंडावर मास्क. कोरोनात गावात सर्जेराव नावाच्या भावी नगरसेवकाने वाटलेला. त्यावर सर्जेरावाचं हसणं छापलेलं होतं. निवडणूक झाली नाही, सर्जेराव अजून भावीच होता, पण मास्कचा रंग पक्का होता.

"फुडं बसा की आयेजवळ," मच्छिंद्र म्हणाला.

"हितं बरं हाय. वारं लागतंय."

हॉस्पिटलच्या दारात दोघांना उतरवून टेम्पो यार्डाकडे गेला. बायडाबाई दिसली नाही. जिन्याखाली तिची गोधडी होती. आत खुर्च्यांची रांग होती, आणि कोरोनातल्या फुल्या अजून एकाआड एक खुर्चीवर चिकटलेल्या होत्या. त्या कुणी पाळत नव्हतं. गेनबाने पाळली. मुक्ताबाई बसली, मधली फुलीची खुर्ची सोडून तो बसला. फुलीवर त्याने डब्याची पिशवी ठेवली.

"मास्क कशाला वो?" मुक्ताबाईने विचारलं.

"तू पॉझिटिव्ह हायेस ना."

"मग आलाव कशाला?"

गेनबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. "घरचं मानूस लागतं म्हनलीस," तो म्हणाला.

मग दार उघडून सिस्टरने पुकारा केला. "मुक्ताबाई गेनबा! बरोबर कोण आहे?"

गेनबा उभा राहिला. मास्क नाकावर चढवला, हात जोडले.

"मी हाय," तो म्हणाला. "पन मी निगेटिव्ह हाय."

सिस्टरने त्याच्याकडे बघितलं, सर्जेरावाच्या हसण्याकडे बघितलं. "बसा खाली," ती म्हणाली.

मुक्ताबाई उठली. डावा हात उजव्या हाताने धरून ती आत गेली. खाटेजवळ सलाईनची बाटली आधीच टांगलेली होती. दार आपोआप मिटणारं होतं. मिटता मिटता तिने मागे वळून पाहिलं.

पिशवी गेनबाच्या मांडीवर होती, आणि तो फुलीवर बसला होता.